रिठा, शिकेकाई आणि सासरा

नात झाली आणि आमच्या घरात कंपनीच्या मालाला बंदी झाली. पहिला गेला पावडरचा डबा. सूनबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळं तिच्याशी वाद घालायची सोय नाही. "मामा, टाल्कम म्हणजे दगडाची भुकटी. बाळाच्या श्वासाबरोबर छातीत जाते," एवढं सांगून तिनं विषय संपवला. डब्यामागोमाग शांपू, वाइप्स, सुगंधी तेल, डायपर सगळ्यांची रवानगी झाली. आता सगळं घरी करायचं. मला पटलं. मान डोलावताना एकच हिशेब राहून गेला: कारखान्याचा माल नको असेल तर कारखान्याचं काम घरात कुणाला तरी करावं लागतं, आणि दिवसभर रिकामा माणूस घरात एकच होता.

महाद्वार रोडला काष्ठौषधीच्या दुकानात यादी दिली. रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद. दुकानदारानं यादी वाचली, मग माझ्या टकलाकडं बघितलं.

"कुणाला हो हे?"

"नातीला."

"केस किती हैत?"

"अजून यायचेत."

त्यानं मुकाट्यानं वजनकाटा पुढं ओढला.

रिठ्यानं माणसाची परीक्षा बघावी. वरून सुरकुतलेला, गरीब दिसतो. आत गोटीसारखी काळी बी. ती फोडून काढायची, साल उन्हात वाळवायची, मग कुटायची. मिक्सरला हात लावायचा नाही, कारण पहिल्या खेपेनंतर आमच्या चटणीला फेस आला होता. म्हणून मी, खलबत्ता आणि मागचं अंगण. शिकेकाई कुटायला घेतली की मी शिंकायचो, मग शेजारच्या काकू शिंकायच्या, मग त्यांच्या खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या. वस्त्रगाळ म्हणजे किती बारीक, हे सूनबाई चिमटीत भुकटी चोळून ठरवायची. "अजून थोडं, मामा." हे "अजून थोडं" मी नोकरीत साहेबाचंसुद्धा ऐकलं नव्हतं.

माल तयार झाला तरी तो थेट बाळाला लावायचा नाही, आधी चाचणी. 2014 साली आपल्याकडं सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना बंदी आली. त्या नियमात सासऱ्यांचा उल्लेख नाही. माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला लेप लागायचा, दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहणी व्हायची. आंबेहळदीचं उटणं लागलं ते मी पिवळ्या हातानं बँकेत गेलो, कॅशियरनं "कुणाची हळद होती?" म्हणून विचारलं. रिठ्याचं पाणी टकलावर ओतून बघितलं. फेस झकास आला, त्यात सॅपोनिन असतं म्हणे. मग ते कपाळावरून डोळ्यात उतरलं. मिरची परवडली. बाळाच्या यादीतून रिठा त्याच संध्याकाळी बाद झाला. पाव किलो कुटून झाल्यावर.

चिरंजीवांसाठी खोबरेल, कॉर्नफ्लॉवर आणि खायचा सोडा घालून घामाच्या वासावर मलम झालं. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास पातळ होतं. एप्रिलात कोल्हापूर तिथं थांबत नाही. बाकीचं त्याच्या शर्टाला विचारा.

खरी पंचाईत आमच्या सौभाग्यवतींनी केली. इतकी वर्षं ज्याला कुणी विचारत नव्हतं ते सगळं आता घरात मानानं येतंय म्हटल्यावर ती उत्साहात आली. तुपाच्या दिव्यावर ताम्हण धरून काजळ पाडलं, धुरीला ओवा-वावडिंग काढलं, गुटीला सहाण घासून ठेवली, मधाची बाटली उघडली.

"आत्या, काजळ नको. बोटाचे जंतू डोळ्यात जातात. धूर छातीला वाईट. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातनं विषबाधा होऊ शकते."

"म्हंजे माझं ते जंतू आणि तुझं ते नैसर्गिक?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं. सूनबाईचं बरोबर होतं. निसर्गाला बाळाची काळजी असते असं काही नाही. काजूचा चीकही नैसर्गिकच असतो. पण हे मी मोरीत खलबत्ता धुताना, नळ सोडून, मनातल्या मनात म्हणालो. खालच्या गल्लीतल्या जुन्या पैलवानांनी तोडगा सुचवला: "आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू सगळं असतंय. अंगावर पुरळ म्हणून उठत न्हाई. पोरीला जरा मातीत सोडा की!" पोरगी अजून मान धरत नव्हती. या प्रस्तावाविरुद्ध मात्र सासू-सुनेचं लगेच एकमत झालं.

मग पाऊस लागला. जुलैत कोल्हापुरात जो तो पंचगंगेची पातळी विचारतो: राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. आमच्या घरात लंगोट-दुपट्यांची दोरी बैठकीत आली की इशारा, टीव्हीसमोर आली की धोका. सौभाग्यवतींची सुती पातळं फाडून मीच ते लंगोट शिवले होते. वाळायचं नावच नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावेत, तर धुराला बंदी. मग मी इस्त्री घेऊन बसायचो, आणि इस्त्री तापली की लाईट जायची. बातम्या सुरू असायच्या. मला दुपट्याआडून फक्त आवाज यायचा.

गेल्या रविवारी सूनबाई म्हणाली, "मामा, साबण घरी करू या. कॉस्टिक सोडा, खोबरेल, पाणी. चार-सहा आठवडे मुरला की झाला. तेलाचं माप बरोबर असलं की आत कॉस्टिक उरत नाही."

लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदारानं बरणी काढली, टोपण फिरवता फिरवता विचारलं, "मोरी तुंबली काय, अण्णा?"

"न्हाई. नातीच्या आंघोळीला पायजे."

त्यानं टोपण घट्ट लावलं आणि बरणी परत वरच्या फळीवर ठेवून दिली.