‘सगळी सीआरएम सारखीच’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर महिन्याकाठी एकदा तरी येऊन पडतो. मथळा असतो, ‘सीआरएमची तुलना करत बसू नका’. (सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, फोन, सौदे यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर.) खाली पाच मुद्दे: सगळ्यांत तेच असतं, छोट्या धंद्याला फुकटचा प्लॅन पुरतो, खर्च म्हणजे माणशी दर गुणिले माणसं, टीम आठवड्यात शिकते, आणि नाहीच जमलं तर एक्सपोर्टचं, म्हणजे सगळ्या नोंदी बाहेर काढायचं, बटण आहेच. शेवटी जोडलेले हात.

पुणे-पिंपरीतल्या छोट्या कंपन्यांना ही सॉफ्टवेअरं बसवून देणं हा माझा धंदा आहे, तेव्हा ‘तुलना करा’ म्हणण्यात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. हेही सांगतो की दोन माणसं आणि चाळीस ठरलेली गिऱ्हाइकं असतील तर वही पुरते. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच लिहिलेलं नाही.

‘सगळ्यांत तेच असतं.’ माहितीपत्रकात, हो. कॉन्टॅक्ट, फॉलोअप, रिपोर्ट, मोबाइल अ‍ॅप, सगळ्यांसमोर बरोबरची खूण. फरक आहे तो चौकशी आत आल्यावर तिला कुठे बसवतात त्यात. सेल्सफोर्स (१९९९ पासून) आणि झोहो सीआरएम (२००५ पासून) नवी चौकशी आधी ‘लीड’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवतात. ती खरी वाटली की ‘कन्व्हर्ट’ करायची, मग तिच्यातून कंपनी, व्यक्ती आणि सौदा अशा जोडलेल्या नोंदी तयार होतात. हबस्पॉटची घडण व्यक्तीभोवतीची: चौकशी करणारा आल्याआल्या कॉन्टॅक्ट होतो, पुढे त्याची फक्त पायरी बदलत जाते. एस्टोनियात २०१० साली सुरू झालेलं पाइपड्राइव्ह सौद्यापासून सुरू होतं. पडद्यावर उभे रकाने, आणि कार्ड एका रकान्यातून पुढच्यात सरकवायचं.

आता भोसरीतला कॉम्प्रेसरचा डीलर घ्या. एकाच कारखान्यात मेंटेनन्सवाला चौकशी करतो, परचेसवाला भाव पाडतो, अकाउंट्सवाला बिल अडवतो. त्याला कंपनी मध्यभागी आणि तिच्याभोवती माणसं असंच दिसायला हवं. क्लास चालवणाऱ्याला कंपनीचा रकाना म्हणजे अडगळ. त्याला मुलाची आई आणि तिचा नंबर एवढंच हवं. दोघांना एकच सॉफ्टवेअर ‘सारखंच’ कसं असेल?

‘फुकटचा प्लॅन पुरतो.’ झोहो सीआरएमची फुकट आवृत्ती तीन वापरकर्त्यांपर्यंत आहे आणि तीन जणांना ती खरंच चालते. हबस्पॉटच्या फुकट प्लॅनमधून गेलेल्या फॉर्मवर आणि मार्केटिंगच्या मेलवर त्यांचं नाव छापलेलं असतं. काहींना चालतं, काहींना कोटेशनसोबत ते नको वाटतं. खरी गंमत चौथा माणूस कामाला लागला की होते. पैसे वाचवायला मालक एकच लॉगिन दोघातिघांना देतात. मग गिऱ्हाइकाला कोणी फोन केला, दर कोणी कबूल केला, सगळं एकाच नावावर. कोण काय बोललं ते कळावं म्हणून सॉफ्टवेअर घेतलं, आणि तेच कळेनासं झालं.

‘माणशी दर गुणिले माणसं.’ जाहिरातीतला मासिक दर बहुधा वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी असतो. महिन्याच्या महिन्याला घेतलंत तर जास्त. भारतातून बिल आलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, नोंदणी असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. बिल थेट परदेशातून आलं की तोच १८ टक्के रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी तुम्हीच, आधी खिशातून भरायचा आणि क्रेडिट नंतर. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्यांना, क्रेडिटही नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. तो मालकाच्या फोनवर येतो आणि मालक लग्नात असतात.

‘टीम आठवड्यात शिकते.’ शिकते, वापरत नाही. सेल्सचा पोरगा चाकणला कंपनीच्या गेटवर फोन जमा करून आत जातो, बाहेर आला की पुढच्या भेटीची घाई, आणि आठवडाभराच्या नोंदी शनिवारी संध्याकाळी आठवून आठवून भरतो. डेमोच्या वेळी विक्रेत्याला प्रोजेक्टर बंद करायला सांगा. आपल्या पोराच्या हातात त्याचाच फोन द्या आणि एक भेट नोंदवायला किती वेळा बोट लावावं लागतं ते मोजा.

पाचवा मुद्दा, ‘एक्सपोर्टचं बटण आहेच’. पहिल्या चार मुद्द्यांत चुकलात तर पैसे जातात, इथे चुकलात तर इतिहास जातो.

बटण असतं, खोटं नाही. ते दाबलं की चार-पाच वेगवेगळ्या फाइली हातात येतात: कंपन्या, व्यक्ती, सौदे, नोट्स. कुठली नोट कुठल्या सौद्याची, हे सांगणारा धागा म्हणजे प्रत्येक ओळीतला एक लांबलचक आयडी. नवं सॉफ्टवेअर स्वतःचे आयडी देतं, जुने त्याला ओळखीचे नसतात. म्हणून आधी कंपन्या चढवायच्या, जुना आयडी एका जादा रकान्यात जपून ठेवायचा, मग व्यक्ती, मग सौदे, नोट्स सगळ्यात शेवटी. जोडलेल्या कोटेशनच्या पीडीएफ पुष्कळदा वेगळ्या उतरवाव्या लागतात. ‘तीन दिवस उत्तर नाही तर आठवण पाठव’ असले तुम्ही बसवलेले नियम कुठल्याच फाइलीत येत नाहीत. ते नव्याने बसवायचे.

भोसरीतल्या त्याच कॉम्प्रेसर डीलरच्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात नेताना त्यांच्या ऑफिसातल्या मुलीने व्यक्तींची फाइल ‘जरा बघायला’ म्हणून एक्सेलमध्ये उघडली. फोन नंबर ९१ लावलेले, म्हणजे बारा आकडी. एक्सेलला ते मोठे आकडे वाटले आणि त्याने ते गणितातल्यासारखे आखडून दाखवले: नऊ दशांश काहीतरी, पुढे ई, पुढे अधिक अकरा. तिने एक रकाना काढून टाकला, फाइल सीएसव्हीतच (साध्या मजकुराच्या रूपात, जशी बाहेर काढली तशी) सेव्ह केली, आणि सतराशे गिऱ्हाइकांचे नंबर त्याच आखडलेल्या रूपात कायमचे बसले. चूक तिची नव्हती, एक्सेल सगळ्यांनाच असं करतं. जुनं खातं अजून चालू होतं म्हणून फाइल पुन्हा काढली आणि तो रकाना ‘टेक्स्ट’ ठरवूनच आत घेतली.

तेव्हापासून मी ट्रायलच्या पहिल्याच आठवड्यात, एक रुपयाही भरण्याआधी, वीस खऱ्या नोंदी घालून त्या परत बाहेर काढून बघतो. नोट्स, तारखा, मराठीत लिहिलेले शेरे, सगळं जसंच्या तसं आलं का? दोन उत्पादनांच्या या फाइली शेजारी ठेवल्या की ‘सारखीच’ हा शब्द तोंडातून निघत नाही.

डीलरचे सौदे आणि नंबर नव्या ठिकाणी नीट बसले. कॉलच्या जुन्या नोंदी मात्र आल्याच नाहीत, त्यामुळे ‘गेल्या दिवाळीला काय दर बोललो होतो?’ असा प्रश्न आला की ते अजून जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये शोधतात. तिथला एक लॉगिन त्यांनी चालू ठेवलाय. दर महिन्याला त्याचं बिल येतं.