वाळवंट कुणाच्या बापाचं नाही

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. अमेरिकेत न्यू मेक्सिको, युटा, अ‍ॅरिझोना असं आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन फिरून आलो, तेव्हापासून जो तो विचारतोय, "कशी झाली ट्रिप? फोटो टाक ना!" टाकेन. आधी हे ऐका. जागा एकेक अशा की डोळ्यांचं पारणं फिटावं. आणि जिथे जावं तिथे कुणीतरी काहीतरी खरवडून, तुडवून नाहीतर सांडून गेलेलं. एखाद्या ठिकाणी असतं तर गिळलं असतं. सगळीकडे तेच!

अल्बुकर्की शहराला लागूनच पेट्रोग्लिफ नॅशनल मॉन्युमेंट आहे. लाव्ह्यातून तयार झालेली सतरा मैल लांब काळी दगडी धार, आपल्या सह्याद्रीत असतो तसाच बसाल्ट, आणि त्यावर अंदाजे २४,००० कातळशिल्पं. बहुतेक १३०० ते सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची, प्युब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी कोरलेली. अशा उघड्या दगडावर हजारो वर्षांत लोह आणि मँगनीजचा काळपट थर चढतो. दुसऱ्या दगडाने ठोकून ठोकून तो थर उडवला की आतला फिकट रंग दिसतो, तेच चित्र. थर अगदी पातळ. त्यावर नवीन ओरखडा ओढलात तर तो तुमच्या हयातीत काही बुजत नाही.

तिथल्या बोका नेग्रा भागात पायवाट अशी आहे की चित्रं हाताच्या अंतरावर येतात. सुरुवातीलाच पाटी आहे, हात लावू नका. आमच्या पुढे एक मराठी कुटुंब होतं. मुलगा बुटांसकट कोरलेल्या दगडावर चढलेला. वडिलांनी बाटलीतलं पाणी एका पक्ष्याच्या चित्रावर ओतलं आणि तळहाताने चोळायला लागले. का, तर ओलं केलं की फोटोत उठाव येतो! बाजूला आई, "लवकर काढा हो, ऊन लागतंय." मी म्हटलं, "दादा, प्लीज हात नका लावू, पाटी आहे ना तिथे." तर म्हणाले, "अहो, पाणीच आहे, अ‍ॅसिड नाहीये. तुम्ही रेंजर आहात का?" आणि वहिनींचं त्याच्या पुढचं, "सातशे वर्षं टिकलंय, आमच्या एका हाताने काय होणार आहे?"

एका हाताने! दिवसभरात तिथे किती हात येतात? प्रत्येकाचा एकच. प्रत्येक हाताला घाम, तेल, सनस्क्रीन. सातशे वर्षं ते टिकलं कारण तिथे राहणाऱ्यांनी ते टिकू दिलं. प्युब्लो लोकांसाठी ती जागा आजही पवित्र आहे, त्यांच्या पूर्वजांची आहे. हेच वहिनी कुलदैवताच्या गाभाऱ्यात चपला घालून आलेल्या माणसाला काय बोलल्या असत्या? रत्नागिरीच्या सड्यावरच्या कातळशिल्पांवर कुणी गाडी घातली की हीच मंडळी ग्रुपवर चिडून मेसेज फिरवतात. तिथली आपली, आणि ही काय बेवारस?

आपल्या लोकांवर जास्त राग येतो हे खरं, पण हा काही फक्त आपला रोग नाही. २०१३ मध्ये युटाच्या गॉब्लिन व्हॅलीत एका धडधाकट स्काउट लीडरने निसर्गाने घडवलेला दगडी खांब ढकलून पाडला, सोबत्याने त्याचा व्हिडिओ काढला आणि वर दोघे नाचले. मुलांना निसर्ग शिकवणारी माणसं ही! २०१४ मध्ये एका तरुणीने एकामागून एक नॅशनल पार्कमध्ये खडकांवर अ‍ॅक्रिलिकने चेहरे रंगवले आणि स्वतःच ते इन्स्टाग्रामवर टाकले. तिला कोर्टाने शिक्षा केली. अशा किती जणांना होते? बाकीचे आरामात घरी जातात.

एल मोरोला तर माझा संयमच संपला. न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात वालुकाश्माचा एक प्रचंड कडा, पायथ्याशी पाण्याचं कुंड. त्या रुक्ष मुलुखात पाण्याची खात्री असलेली जागा, म्हणून शतकानुशतकं वाटसरू तिथे थांबले आणि दगडावर लिहून गेले. वर झुनी या प्युब्लो जमातीच्या पूर्वजांची वस्ती होती, त्यांची चित्रं सगळ्यात जुनी. मग १६०५ मध्ये स्पॅनिश सरदार ओन्यातेचं, "इथून गेलो" असं सांगणारं. पुढे अमेरिकी सैनिक, सर्व्हेवाले, १८५० च्या दशकात लष्कराने आणलेल्या उंटांच्या तांड्यासोबतचे लोक. अशी चित्रं आणि लेख सगळे मिळून २,००० च्या वर. १९०६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं आणि तेव्हापासून तिथे नवीन अक्षर कोरणं हा गुन्हा आहे.

तर संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर शेजारच्या गाडीतला एक माणूस मला शहाणपण शिकवतो की त्या स्पॅनिश लोकांनी लिहिलं तो इतिहास, मग आम्ही लिहिलं तर गुन्हा कसा? शंभर वर्षांनी आमचंही इतिहासच होईल. हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता किळस येते. ओन्याते शेकडो मैल घोड्यावरून आला होता. त्या कुंडाशी पोचला नसता तर जनावरं मेली असती. त्याने झुनींच्या कड्यावर नाव कोरलं हेही काही कौतुकाचं नाही, प्युब्लो लोकांवर त्याने जे अत्याचार केले ते वाचा एकदा. पण निदान त्या ओळीतून कोण, कधी, कुठून गेलं ते कळतं. तुम्ही एसी लावून, क्रूझ कंट्रोलवर, फ्रिजमधलं गार पाणी पीत आलात. तुमच्या नावातून कुणाला काय कळणार? अजिंठ्याच्या दहाव्या लेणीत जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरडली. दोनशे वर्षं झाली. त्याची तारीख अभ्यासकांना उपयोगी पडली असेल, पण त्याच्या अक्षरांखाली जे चित्र गेलं ते गेलंच ना? आणि त्याच्यामागून आलेल्या शेकडो जणांनी काय उजेड पाडला? आमच्या लहानपणी गडावर गेलं की दरवाजाच्या चौकटीवर बाण आणि बदाम. इथे वाळवंटात तेच बाण, तेच बदाम, फक्त अक्षरं इंग्रजी.

बरं, चित्रं निदान लोकांना दिसतात तरी. माती तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. युटामध्ये मोआबच्या आसपास, आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये, वाळूवर एक काळसर, खडबडीत, फुगीर पापुद्रा असतो. वरून पाहिलं तर करपल्यासारखी माती वाटते. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवांचे बारीक तंतू वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, सोबत शेवाळ आणि दगडफूल. त्यामुळे वाऱ्याने वाळू उडत नाही, पाणी मुरतं, नायट्रोजन मिळतो आणि झुडपं उगवतात. एक बूट पडला की पापुद्रा चुरतो. भरून यायला कित्येक दशकं. जागोजागी पाट्या आहेत, वाटेवरूनच चाला. तरीही सेल्फीचा कोन जमत नाही म्हणून लोक सरळ आत घुसतात आणि त्यांच्या पावलांचा माग धरून पुढचे वीस जण.

आणि आमचे आरव्हीवाले! तीस फुटांची गाडी भाड्याने घ्यायची, ती कुठे मावेल याचा विचार आधी करायचा नाही, मग पार्किंग भरलेलं दिसलं की रस्ता सोडून सरळ मातीत चाकं घालायची. मी डोळ्यांसमोर बघितलंय. मागची जोड-चाकं त्या काळ्या पापुद्र्यावरून गेली आणि दोन पट्टे पांढऱ्या पिठासारखे उघडे पडले. माणूस उतरला, टायर तपासले, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मोहावीच्या वाळवंटात १९४२ ते १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याने रणगाड्यांचा सराव केला होता, त्या रणगाड्यांचे माग आजही दिसतात. ऐंशी वर्षं! मग कुणी म्हणालं ना, "पाऊस पडला की जाईल हो," की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याहून किळसवाणा प्रकार म्हणजे घाण पाणी सोडणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आरव्हीला घाण पाण्याच्या दोन टाक्या असतात. ब्लॅक म्हणजे संडासाची, ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरची. दोन्ही डंप स्टेशनलाच रिकाम्या करायच्या. गावागावात डंप स्टेशन असतात, कुठे फुकट, कुठे थोडे पैसे. मोकळ्या सरकारी जमिनीवर फुकट राहायला मिळतं, साधारण चौदा दिवसांपर्यंत. इतकी मोठी सोय! आणि त्याची परतफेड काय, तर रात्री अंधारात ग्रे टाकीचा व्हॉल्व्ह उघडून द्यायचा. सकाळी शेजारची गाडी निघून गेली आणि तिच्या जागी वाळूवर साबणाचं डबकं. त्यात भाताची शितं, कांद्याची सालं, केसांचा गुंता. कावळे जमलेले. पाच-सहा मैलांवर पेट्रोल पंपाशी डंप स्टेशन होतं, आम्ही तिथेच टाकी रिकामी केली. दहा-पंधरा मिनिटांचं काम. तेवढाही जीव जड होतो? अशाच प्रकारांमुळे मग त्या जागा बंद होतात, आणि नियम पाळणाऱ्यांनाही बाहेरूनच परत जावं लागतं.

रात्रीचं तर बोलायलाच नको. युटातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, ठरलं. त्या भागात लोक येतात ते आकाशगंगा बघायला, डोळ्यांनी, दुर्बिणीशिवाय. आणि हे महाभाग गाडीच्या बाहेरचे एलईडी पट्टे रात्रभर जळत ठेवतात, वर छताला रंगीत माळा. जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, गेटवर लिहिलेल्या असतात. साडेदहाला जाऊन सांगितलं तर उत्तर, "मुलांना एसी लागतो." अहो, बाहेर स्वेटर घालण्याइतकी थंडी होती! खिडकी उघडा की. पैसे भरले म्हणजे पलीकडच्या दहा गाड्यांची झोप आणि वरचं आकाशही विकत घेतलं का?

सगळे म्हणतात रेंजर काय करतात. कुठे कुठे पुरणार ते? २०१८-१९ मध्ये अमेरिकी सरकारचं कामकाज ३५ दिवस ठप्प होतं. कॅलिफोर्नियातलं जोशुआ ट्री पार्क उघडं होतं आणि राखायला माणसं जवळपास नव्हती. त्या दिवसांत लोकांनी नसलेल्या वाटा काढून गाड्या आत घातल्या, झाडांची मोडतोड केली. राखणदार नाही दिसला की काय करायचं हे लोकांनी दाखवून दिलं.

आता हिवाळ्यात पुन्हा मंडळांच्या ग्रुपवर "साउथवेस्ट आरव्ही ट्रिप"चे बेत सुरू होतील, आणि मला आयटिनररी विचारली जाईल. देईन, सगळी देईन. पण कातळाला हात लावताना, मातीत गाडी घालताना किंवा टाकी उघडताना कुणी दिसलं तर यापुढे मी दादा-वहिनी करत समजावत बसणार नाही. गाडीचा नंबर, फोटो, वेळ, जागा, सगळं सरळ रेंजरकडे जाईल. ओळखीचे असलात तरी.