पाच दिवस गोळी बंद ठेवली तरी बीपी नॉर्मल, ते कसं काय?

'बीपीची गोळी म्हणजे जन्माची गुलामी' हा लांबलचक मेसेज परत फिरायला लागलाय, फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या मित्रांचा ग्रुप, सगळीकडे तोच. ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: गोळीची शरीराला सवय लागते, डोस वाढतच जातो, शेवटी किडन्या जातात, आणि पुरावा काय, तर लिहिणाऱ्याने त्याची अ‍ॅम्लोडिपिन पाच दिवस घेतलीच नाही, मग बीपी मोजलं तर चक्क नॉर्मल! म्हणून गोळ्या फेका, सर्पगंधा आणि सैंधव मीठ सुरू करा, त्यांना साइड इफेक्ट नाहीत.

आधी तो पुरावाच घेऊ, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच भुलतात. आणि गंमत म्हणजे तो आकडा खराही असेल.

प्रत्येक औषधाची एक हाफ लाइफ असते, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. अ‍ॅम्लोडिपिनची ही हाफ लाइफ ३० ते ५० तास आहे, बीपीच्या इतर बऱ्याच गोळ्यांपेक्षा खूप जास्त. हिशोबाला ४० तास धरा. शेवटची गोळी सोमवारी सकाळी ८ ला घेतली, तर मंगळवारी मध्यरात्री निम्मं औषध शिल्लक, गुरुवारी दुपारी ४ ला पाव, आणि शनिवारी सकाळी ८ ला म्हणजे बरोबर पाच दिवसांनी आठवा हिस्सा अजून अंगात फिरतोय. त्यामुळे बीपी एकदम उडी मारत नाही, आठवडाभरात हळूहळू चढत जातं. मेसेज लिहिणाऱ्याने पाचव्या दिवशी मोजलं, खूश झाला, मेसेज टाकला. पंधराव्या दिवशी परत मोजलं का ते काही लिहिलेलं नाही. त्यात वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतही नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळणार तरी कसं. ज्या 'नॉर्मल'च्या जोरावर गोळी बंद केली ते नॉर्मल गोळीनेच आणलेलं होतं!

हेच उलट्या बाजूनेही होतं. गोळी नवीन सुरू केली की चार दिवसांत लोक म्हणतात काहीच फरक नाही, डॉक्टर बदलू. अहो, रोज जितकं औषध पोटात जातं तितकंच रोज बाहेर पडायला लागलं की रक्तातली पातळी स्थिर होते आणि अ‍ॅम्लोडिपिनला तिथे पोचायला ७-८ दिवस लागतात. त्यानंतर पातळी तिथेच राहते, म्हणजे 'वर्षानुवर्षं औषध अंगात साचत जातं' हेही खरं नाही.

आता सवयीचं बघू. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केलीय. अ‍ॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन बंद केलं की बीपी मूळच्या जागी परत जातं, जिथे ते गोळीच्या आधी होतं. ही सवय नाही, मूळ आजार तिथेच आहे एवढाच त्याचा अर्थ, चष्मा काढल्यावर परत अंधुक दिसलं म्हणून कोणी चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही. पण काही औषधांच्या बाबतीत मेसेजमध्ये तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. क्लोनिडिन अचानक सोडलं तर एक-दोन दिवसांतच बीपी मूळच्यापेक्षाही वर जाऊ शकतं. अ‍ॅटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर हृदयावरच्या ज्या रिसेप्टरवर (म्हणजे पेशीवरच्या ठरावीक जागांवर) अ‍ॅड्रिनलिन येऊन बसतं ते अडवून धरतात, मग हृदय काय करतं, जास्त रिसेप्टर तयार करतं, आणि त्यात अ‍ॅटेनोलॉलची हाफ लाइफ जेमतेम ६-७ तास, त्यामुळे गोळी एकदम थांबली की मोकळ्या झालेल्या वाढीव रिसेप्टरवर अ‍ॅड्रिनलिन तुटून पडतं, धडधड होते, आधीच हृदयविकार असेल तर छातीत दुखू शकतं, अ‍ॅटॅकही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करत नेतात. म्हणजे हा मुद्दा खरा असला तरी त्यातून निघतं काय, तर गोळ्या एका झटक्यात फेकू नका, जे नेमकं तो मेसेज करायला सांगतोय.

'डोस वाढतच जातो': मॉर्फिनसारख्या औषधांना शरीर सरावतं, तोच डोस पुरेनासा होतो, ते खरं. रोजच्या वापरातल्या बीपीच्या गोळ्यांचं तसं सहसा होत नाही. ५ ची १० होते कारण वयानुसार रक्तवाहिन्या कडक होत जातात, वजन वाढतं, लोणचं-पापड सुटत नाही. आणि गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफेनॅक चालू असतं, ज्याने बीपी वाढतं हे घरात कोणालाच माहीत नसतं.

किडनीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. एक म्हणजे प्रत्येक औषध किडनीतून जातंच असं नाही. टेल्मिसार्टन जवळजवळ सगळं लिव्हरमार्गे पित्तात उतरतं आणि शौचावाटे बाहेर जातं, लघवीत १ टक्काही येत नाही. दुसरं म्हणजे डायबेटिस आणि वाढलेलं बीपी हीच तर किडनी खराब व्हायची दोन मोठी कारणं. किडनीच्या गाळण्यांमधून रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या अँजिओटेन्सिन नावाचं रसायन आवळून धरतं, सार्टन गटातली औषधं (टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे) ती पकड सैल करतात, गाळणीवरचा दाब उतरतो. टाइप २ डायबेटिसमुळे किडनी खराब होत चाललेल्या पेशंटमध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टनने ती घसरण मंदावते हे २००१ मधल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं. दाब उतरल्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढतं, साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर धरूनच चालतात, पण रिपोर्ट हातात आला की घरचेच गोळी बंद करून मोकळे. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात तेव्हाही 'किडनी गेली' म्हणून आरडाओरडा होतो, खरं तर रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या रुंदावतात, परत नेणाऱ्या तितक्या रुंदावत नाहीत, म्हणून पाणी आजूबाजूला झिरपतं. त्रास खरा आहे, तो डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलून मिळते. किडनीची एवढी काळजी असेल तर ते डायक्लोफेनॅक आधी बघा, त्यातून सार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी सोबत चालू असेल तर तिघं मिळून किडनीला चांगलंच अडचणीत आणतात.

राहिली सर्पगंधा. ती काम करते, शंकाच नाही, आणि हे जगासमोर नीट मांडलं ते आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. मज्जातंतूंच्या टोकाला रक्तवाहिन्या आवळायला लावणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या बारीक पिशव्या असतात, रेसर्पिन त्या भरूच देत नाही, म्हणून बीपी उतरतं. पण मेंदूतल्या सेरोटोनिन आणि डोपामिनच्या पिशव्याही तशाच रिकाम्या राहतात, मग नाक चोंदणं, सुस्ती, काहींना नैराश्य, आणि परिणाम गोळी थांबवल्यावरही बरेच दिवस रेंगाळतो. हा झाला साइड इफेक्ट नसलेला उपाय! बरं, नैसर्गिकच हवं असेल तर १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅप्टोप्रिलचं मूळ ब्राझीलच्या एका सापाच्या विषात आहे, ते चालेल का?

सैंधव मीठही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम घातलेलं असतं, टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते विचारल्याशिवाय सुरू करू नये कारण ही गोळी आधीच पोटॅशियम वाढवते.

गोळी कमी होऊच शकत नाही असं मी म्हणत नाहीये. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं की काहींची कमी होते, क्वचित सुटतेही, पण ती डॉक्टरांना सांगून, आणि त्यानंतर पाच दिवस नाही तर महिना-दोन महिने घरी बीपी लिहून ठेवून. एक अपवाद मात्र आहे: टेल्मिसार्टन किंवा सार्टन गटातली कुठलीही गोळी चालू असताना दिवस राहिले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, बाळाच्या किडनीला त्याने इजा होऊ शकते आणि गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या दुसऱ्या गोळ्या आहेत.