दानाचं वावर विकलेलं नाही

‘काकाजींनी दान दिलेलं वावर ग्रामपंचायतीनं परस्पर विकलं, सातबारावरून त्यांचं नावच उडवलं,’ असा मेसेज परवापासून गावच्या ग्रुपवर फिरतो आहे. हे साफ खोटं आहे.

नाव उडवलेलं नाही, फेरफार झाला आहे. दान दिल्यावर नाव बदलतंच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 123 प्रमाणे जमिनीचं दानपत्र नोंदणीकृतच लागतं. त्यावर देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार हवेत. तसं दानपत्र झालं, त्यावरून तलाठ्यानं फेरफार घेतला आणि आज सातबारावर ग्रामपंचायतीचं नाव आहे. बिल्डरचं नाही. विनास्वाक्षरीत सातबारा महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर कोणालाही फुकट दिसतो. मेसेज ढकलण्याआधी तेवढं तरी पाहायचं होतं.

त्या वावरातल्या बागेला फाटक लावलं ते मोकाट जनावरांपायी, गावाला अडवायला नाही. धुऱ्यावरचे जुने कडुनिंब तसेच राखले आहेत. पोलीस भरतीची पोरं 1600 मीटरचा सराव करून त्यांच्याच सावलीत दम घेतात आणि मग अभ्यासिकेत जातात. काकाजी स्वतः तिथं बसलेले असतात. ‘तुम्हाला फसवलं’ असं त्यांना घरी जाऊन सांगणं आता थांबवा.

ज्यांनी तो मेसेज पुढं पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा.