खुलासा: लिसा सू आल्या आणि शेअर लगेच उसळला, हे खरं नाही
ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘लिसा सू आल्या आणि एएमडीचा शेअर लगेच उसळला. नवा सीईओ आला की डोळे झाकून खरेदी करा.’ हे साफ चूक आहे. सू ऑक्टोबर 2014 मध्ये एएमडी या अमेरिकी चिप कंपनीच्या सीईओ झाल्या आणि 2015 मध्ये शेअर 2 डॉलरच्याही खाली गेला होता. कंपनीचे दिवस पालटले ते 2017 मध्ये तिचे रायझन हे कॉम्प्युटर प्रोसेसर बाजारात आल्यावर. नवी चिप आराखड्यापासून दुकानात यायला वर्षं जातातच. एएमडीची प्रतिस्पर्धी असलेल्या इंटेलमध्ये 2021 साली नवे सीईओ म्हणून पॅट गेल्सिंगर यांचं नाव जाहीर होताच शेअर वधारला. पण डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हा भाव 2021 च्या त्या भावाच्या निम्म्याहून खाली होता. निवृत्तीची पुंजी असलेले काका-काकू ग्रुपवर आहेत, म्हणून कळकळीने सांगते: या मेसेजवर विसंबून एफडी मोडू नका.