फिरकी

मी चोर नाही. हे आधी लिहून टाकतो, कारण परवा खानापूर रोडवरच्या एका लग्नाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये वीस-बावीस माणसांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून पाठीला चिकटलेली आहे, आणि त्यातले निम्मे तर आमचेच पाहुणे होते. दोष कुणाचा म्हणाल तर माझ्या खिशातल्या बॅटरीचा.

बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्या बेळगाव भागात टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आत घालतात ते सेल. पुस्तकात विजेरी असते म्हणे, पण 'जरा विजेरी मार की' असं म्हणणारा माणूस मला उभ्या जन्मात भेटलेला नाही. अमेरिकेतले लोक तिला फ्लॅशलाईट म्हणतात, तेही उगीच नाही. १८९९ च्या आसपास हातात धरायच्या पहिल्या बॅटऱ्या निघाल्या तेव्हा त्यातले सेल इतके दुबळे होते की सलग उजेड पडायचाच नाही, क्षणभर चमकवायचं आणि सेलला दम खाऊ द्यायचा. माझी तशी नाही. माझी मुठीत मावते, आत १८६५० नावाचा एकच सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. कमीत कमी उजेड एक लुमेन, जास्तीत जास्त बाराशे. खिशाला अडकवायला क्लिप, आणि बुडाला लोहचुंबक, म्हणजे गाडीचं बॉनेट उघडलं की पत्र्याला चिकटवून दोन्ही हात मोकळे. किंमत विचारू नका, घरात सांगितलेली नाही.

गेलं वर्षभर ही वस्तू रोज माझ्या खिशात आहे आणि रोज कुणीतरी मला विचारतं, मोबाईलला टॉर्च असताना हे कशाला. मी समजावून सांगतो. समोरचा ऐकून घेतो, आणि मग परत तेच विचारतो.

तर लग्न. मे महिना, संध्याकाळी वळवाचा पाऊस झोडपून गेला आणि नेहमीप्रमाणं पहिल्या चार थेंबांबरोबर करंट गेला. जनरेटर लावला पण त्याच्यावर स्टेज आणि जेवणाचा हॉल एवढंच चालतं म्हणे, पार्किंगला ठार काळोख. मी गाडीतून आहेराचं पाकीट आणायला बाहेर आलो, खिशातनं बॅटरी काढली, मधल्या मोडवर लावली. तेवढंच माझं चुकलं.

"ए बाळ, बॅटरी आहे काय? हिकडं मार बघू जरा."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. पण इरकल नेसलेली, एका हातानं कान झाकून दुसऱ्या हाताची मूठ आवळून उभी असलेली साठीच्या पुढची बाई 'बाळ' म्हणाली की आपण बाळच. मुलाकडच्या काकू होत्या. कुडी मुठीत सापडली होती, फिरकी पडली होती. "दोन गाड्यांच्या मधीच कुठंतरी पडलीय, सोन्याची हाय, मी पाऊल हलवलेलो नाही बघ." (आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, पुण्याच्या लोकांनी दचकू नये.) शेजारी त्यांची सून, खांद्यावर झोपलेलं पोर घेऊन. ती काहीच बोलत नव्हती. का बोलत नव्हती ते मला अर्ध्या तासानं कळलं.

आता खरं सांगतो, मला आनंद झाला. वर्षभर वाट बघत होतो अशा प्रसंगाची. बारीक वस्तू शोधायची तर उजेड वरनं मारायचा नसतो, बॅटरी पार जमिनीला टेकवून आडवा, कमी मारायचा, म्हणजे मोहरीएवढ्या खड्याचीसुद्धा लांब सावली पडते आणि वस्तू आपोआप उठून दिसते. जास्त उजेड केला की ओली फरशी नुसती पांढरी होते आणि काहीच दिसत नाही. मी हे काकूंना सांगितलं आणि मांडी घालायचं तेवढं बाकी ठेवून चिखलात बसलो.

"एवढाच उजेड व्हय? मोठा कर की."

"काकू, कमी उजेडातच चांगलं दिसतं."

"कमी उजेडात चांगलं दिसलं असतं तर मी तुला कशाला हाक मारलो असतो?"

ह्याला उत्तर नाही. मी बाराशे लुमेन लावले. सगळं पार्किंग उजळलं, लांबनं दोघे-तिघे 'ओ' करून ओरडले, काकू खूश झाल्या. पण असल्या बारक्या बॅटरीचं असं असतं की पूर्ण उजेडावर ती मिनिटभरात तापते आणि भाजू नये म्हणून स्वतःच उजेड खाली आणते. ते झालंच.

"उतरले बघ सेल. आमच्या ह्यांच्याकडं तीन सेलची पितळी होती, उसाला पाणी पाजायला जायचे रात्रीचे, काय जळायची! कुत्रं अंगावर आलं तर हाणायलापण व्हायची. ह्यानं काय हाणणार तू?"

मी म्हणालो हाणायला घेतलेली नाही. त्यांनी माझं कोपर धरून हात डावीकडं ओढला, माझा अंगठा बटणावर दोनदा पडला आणि बॅटरी लपलप लपलप करायला लागली. "लग्नात डिस्को लावूलास काय रे?" खांद्यावरचं पोर जागं झालं आणि रडायला लागलं. मी घाईनं बॅटरी बुडावर चिखलात उभी केली, हात रुमालाला पुसले, बॅटरी परत उचलली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एव्हाना हॉलचा वॉचमन आला. "एन हुडकाकत्तीरी सर?" मी म्हणालो फिरकी. "फिरकी अंद्र?" आता कुड्याच्या फिरकीला कन्नडमध्ये काय म्हणतात ते मला इतकी वर्षं इथं राहून माहीत नाही, मी कानाला हात लावून गोल गोल फिरवून दाखवला, त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, तो जोरात ओरडून परत तेच विचारायला लागला. शेवटी काकूच म्हणाल्या, "बंगार, बंगार!" झालं. हा शब्द मात्र सगळ्या पार्किंगला कळला. "बंगार कळदैतंत!" अशी वॉचमननं पलीकडं आरोळी दिली आणि ड्रायव्हर, वाढपी, बँडवाल्यांतले दोघे असे सगळे हजर. फक्त एमएच नऊच्या गाडीतनं उतरलेले कोल्हापूरचे एक पाहुणे थांबून म्हणाले, "अहो, भंगारासाठी एवढं काय लावलंय? जाऊ द्या की." त्यांना काकूंनी जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. बंगार म्हणजे सोनं हो, असं मी त्यांना समजावलं. आता वाटतं त्या बिचाऱ्यांनी न कळता सगळ्यात अचूक तेच सांगितलं होतं.

कोल्हापूरकर मग ओशाळून माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि बॅटरीची चौकशी करायला लागले. कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर माझी गाडी सुटली. म्हणालो, ह्यातला एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा थर चढवतात म्हणून आपल्याला पांढरा दिसतो, आणि निळा एलईडी करायलाच तर जन्म गेला लोकांचा, जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा.

"दोन हजार चौदा?" काकू वरनं म्हणाल्या. "त्याच वर्षी गावाचं नाव बदललं न्हवं?"

हे मात्र बरोबर होतं, १ नोव्हेंबर २०१४. मग फिरकी राहिली बाजूला आणि बँडवाल्यापासून सगळे बेळगाव, बेळगावी आणि बसवरच्या पाट्या ह्या विषयावर घसरले. आमच्याकडं दोन माणसं उभी राहिली की पाचव्या मिनिटाला हा विषय येतोच, नोबेलवरनंसुद्धा येतो हे मला नवीन होतं. मी खाली चिखलात, उजेड माझा, आणि चर्चेत मला कुणी घेईना.

तेवढ्यात कोल्हापूरकरांना बॅटरीच्या बुडाची आठवण झाली, मीच मघाशी सांगितलं होतं. "लोहचुंबक आहे म्हणताय, मग त्यानंच शोधा की." काकूंनी ते उचललं. "लोहचुंबक हाय आणि सांगत नाहीस व्हय? लाव की!"

मी उठून उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं भाषण केलं. म्हणालो काकू, लोहचुंबकाला लोखंड चिकटतं, निकेल चिकटतं, कोबाल्ट चिकटतं. सोनं चिकटत नाही. चांदी, तांबं, पितळ, काही चिकटत नाही.

"म्हणजे माझं सोनं खोटं म्हणूलास?"

"उलट आहे काकू, चिकटलं तर खोटं."

"मग चिकटलं नाही तर?"

"तर खरं असेल, किंवा पितळ असेल."

"पितळ म्हणूलास माझ्या सोन्याला!"

तिथं मी शास्त्र सोडून द्यायला पाहिजे होतं. पण मला ही खोड आहे, समोरच्याला पटेपर्यंत सांगत राहायचं. वीस माणसांसमोर मी परत, सावकाश, मोठ्यानं, बोटं मोजून सांगितलं की सोनं लोहचुंबकाला चिकटत नाही म्हणजे नाही. सून तेव्हा पोराला थोपटायची थांबली होती. मला दिसलं होतं, अर्थ लागला नाही.

मग आला तो पोरगा. दहाएक वर्षांचा, तोंडाला जिलबीचा पाक, हातात आईचा काच फुटलेला मोबाईल. त्यानं मोबाईलचा टॉर्च लावला (लावणारच), सगळीकडं एकदा फिरवला, माझ्या हातावर आणला आणि म्हणाला,

"अंकल, तुमच्या बॅटरीच्या बुडाला काय चिकटलंय?"

मघाशी चिखलात उभी केली होती ना, तेव्हाच. पंचवीस मिनिटं मी ती फिरकी हातात घेऊन फिरकी शोधत होतो. चिखलाचा गोळा आणि त्यात पिवळा ठिपका. उजेड पुढं पडतो, बुडाकडं कोण बघतो? बँडवाला म्हणाला, "दिव्याखाली अंधार," आणि सगळे हसले, आणि मला ह्याचंच जास्त वाईट वाटलं की एवढी तयार म्हण समोर असताना ती मला सुचली नाही.

हसू संपल्यावर शांतता झाली. तुमच्या डोक्यात आता जे आलं ते तिथंही दोघा-तिघांच्या डोक्यात यायला लागलं होतं, पण उलटीकडनं.

"ह्याच्याच हातात होती की," काकू म्हणाल्या. "आणि वर सांगतोय, सोनं चिकटत नाही."

वीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. एक वाक्य बोललो असतो की सुटलो असतो. ही फिरकी सोन्याची नाही काकू, पितळेचीही नाही, पोलादावर सोन्याचं पाणी आहे. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात सुनेकडं लक्ष गेलं. मोबाईलच्या उजेडात तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. तिनं मान हलवली, डावीकडनं उजवीकडं, जेमतेम, पोराचं डोकंसुद्धा हललं नाही. कळलं मला. मूळची फिरकी मागंच कधीतरी हरवली असणार, आणि सासूला कळायच्या आत हिनं बाजारातनं पन्नास-साठ रुपयांची आणून बसवली असणार. घरोघरी काय काय दाबून ठेवलेलं असतं, आणि ते वर काढायला हे माझं लोहचुंबक.

"हे," मी म्हणालो, "नवीन टाईपचं आहे काकू. चायनाचं. ह्याला सगळंच चिकटतं."

"मग मघापासनं काय सांगत हुतास?"

"चुकलं माझं."

कोल्हापूरकर माझ्याकडं असं बघत होते की ह्या माणसाचं निळ्या एलईडीचंही खोटंच असणार. काकूंनी फिरकी पदराला पुसली, कानात बसवली, पोराच्या हातावर वीस रुपये ठेवले आणि मला म्हणाल्या, "मोबाईल घे रे एक चांगला." सून काही न बोलता मागनं गेली. आभार सोडा, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं. मी समजू शकतो, पण वळून बघायला काय जात होतं? आत गेलो तोवर पंगत उठली होती, जिलबी संपलेली, सारभात मिळाला. बायकोनं पँटच्या गुडघ्यांकडं बघून काही विचारलं नाही, म्हणजे तिच्यापर्यंत पोचलं होतं.

आणि मला राग कशाचा येतो सांगू? एवढी माणसं जमली, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, एकानं लावला नाही. बॅटरीवाला आहे ना, मग तो बसेल चिखलात. आपल्याकडं ज्याच्याकडं एखादी उपयोगाची वस्तू असते तो लगेच सार्वजनिक होतो. पाना असलेला माणूस, छत्री असलेला माणूस, चारचाकी असलेला माणूस. आणि परत वस्तूला नावं ठेवायची ती ठेवायचीच.

हे सगळं लिहायचं मनात नव्हतं. पण आज सकाळी मुलाच्या मामाकडनं माझा नंबर काढून काकूंचा फोन आला. न्हाणीघराच्या मोरीत अंगठी गेलीय.

"ते सोनं वढणारं घेऊन ये बघू, चहा टाकतो."

येतो म्हणालोय. पण ती अंगठी खरी आहे की सुनेनं आणलेली, हे आधी कळल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही, आणि सुनेचा नंबर कुणाकडनं मागायचा तेवढं सुचेना झालंय.