चालायला सोबत लागते

नैराश्याची लक्षणं असलेल्या बायकांना व्यायाम आणि माणसांचा आधार मिळून उभारी देतात, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं अगदी पटलं. माझी धाकटी जाऊ दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभर गप्प होती. कळण्याची भाकरी तव्यावर करपायची, समोर उभी असून तिला कळायचं नाही. विचारलं तर एकच, "जीवच लागत नही वं माय." घरचे म्हणायचे, आळस आहे!

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. पण एकटी बाई पहाटे निघाली की गल्लीत चर्चा. मग मी आणि शेजारच्या वहिनी तिच्यासोबत जळगावच्या मेहरूण तलावावर जाऊ लागलो. पंधरा दिवस ती बोलली नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. मग एका सकाळी बाकावर बसून ढसाढसा रडली. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडल्या नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तेवढा वेळ बाईला मिळायचा तर सकाळचे डबे कोण करणार, हे घरच्यांनी ठरवायला हवं. आमच्याकडे सासूबाईंनी ते काम उचललं. यंदा आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला रोटांचं पीठ जावेनेच मळलं.

कुणाशीच बोलता येत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.